नवाचा ताळा

'हल्ली माझ्या काही लक्षात राहत नाही हो,' असं म्हणणारी माणसं मला मुलुंड ते दादर एवढ्याशा प्रवासात रोज दोन-चार तरी भेटतात. 'हल्ली मला चुकीचं आठवतं,' असं म्हणणारा इसम मात्र आजवर एकही भेटलेला नाही. विसरणं हे सद्गृहस्थाचं लक्षण समजलं जातं. छत्री विसरणारा प्राध्यापक, बायकोचा वाढदिवस विसरणारा संशोधक, उसने पैसे विसरणारा मित्र, या सगळ्यांकडे समाज कौतुकानं बघतो (शेवटच्याकडे जरा कमी). पण चुकीचं आठवणं? छे! मला आठवतंय म्हणजे ते तसंच घडलं असणार, एवढा पुरावा प्रत्येकाला पुरतो. मलाही पुरत होता. गेल्या पावसाळ्यात आमच्या माळ्यावरच्या एका यंत्रानं माझा हा समज मोडून काढला. आणि तोसुद्धा स्वतः मोडलेल्या अवस्थेत.

हे यंत्र म्हणजे १९८८ साली आमच्या ऑफिसात आलेला कॉम्प्युटर. जातीनं एक्सटी. मूळचा एक्सटी आयबीएम कंपनीनं १९८३ साली अमेरिकेत काढला. पण खुद्द आयबीएम १९७८ सालीच आपला देश सोडून गेलेली असल्यामुळे आमच्या वाट्याला आला तो त्याचा देशी मावसभाऊ. ऑफिस मरोळला, सीप्झच्या शेजारी. सीप्झ म्हणजे 'सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन'. १९७३ साली निघालेला हा झोन नावानं सांताक्रूझचा आणि मुक्कामानं अंधेरीचा. पन्नास वर्षं होऊन गेली, पण कुणाला काही खटकलेलं नाही. एकदा एखादी गोष्ट चारचौघांच्या तोंडी बसली, की ती खरी आहे का हे बघायला कोणी नकाशा उघडत नाही. हा धडा आमच्या भिंतीला लागून उभा होता. मी तो घेतला नाही.

कॉम्प्युटरसाठी काचेची खोली केली होती. चपला बाहेर काढून आत जायचं. त्या काळी एवढा मान देवळाला आणि कॉम्प्युटरला, दोघांनाच होता. यंत्राचे पुजारी दोन : मी आणि अण्णा. दोघेही हिशोब खात्यातले. खरं सांगायचं तर अण्णाला ते माझ्यापेक्षा लवकर जमलं. मी एका बोटानं टाइप करायचो, अण्णा सहा बोटांनी.

आता ती गोष्ट. १९८९ साल, गणपती तोंडावर आलेले, निम्मा कारखाना कोकणात निघालेला आणि पगाराचं काम मशीनवर चाललेलं. मी ओव्हरटाइमचे आकडे घालत होतो. अण्णा शेजारी उभा, हातात चहाचा कप. कुणीतरी हाक मारली, अण्णा वळला, कप कलंडला, चहा मशीनवर. पडदा गोठला आणि त्यावर अक्षरं आली : पॅरिटी चेक. सगळे आकडे गेले. पगार दोन दिवस उशिरा झाला. कोकणात जाणारी मंडळी रिकाम्या खिशानं एस.टी.त चढली आणि जाताना अण्णाच्या नावानं जो काही जयजयकार करून गेली, तो गणपतीनं कानावर हात ठेवूनच ऐकला असेल.

ही गोष्ट मी तीस वर्षं सांगितली. ऑफिसच्या पिकनिकला सांगितली, अण्णाच्या मुलीच्या लग्नात पंगतीला सांगितली, त्याच्या निवृत्तीच्या समारंभात तर माइकवरून सांगितली. दर वेळी हशा. अण्णाही हसायचा. हसायच्या नाहीत फक्त वहिनी. त्या दर वेळी म्हणायच्या, "अहो, पण त्या वर्षी हे चहा कुठं घेत होते? डॉक्टरांनी बंद केला होता. मी ताक द्यायची बरोबर." त्यावर माझं ठरलेलं उत्तर होतं, "वहिनी, नवऱ्याची बाजू घेणं हा तुमचा धर्मच आहे. पण त्या खोलीत तुम्ही होतात का?" आणि यावर पहिल्याहून मोठा हशा. गोष्टीचा तो उत्तरार्धच होऊन बसला होता.

एक बारीकसा भाग मी माइकवरून सांगत नसे. त्या चहानंतर मॅनेजरसाहेबांनी काचेच्या खोलीची किल्ली एकट्या माझ्याकडे दिली. दरमहा ७५ रुपये कॉम्प्युटर भत्ता सुरू झाला, तो मला. अण्णा गोडाऊनच्या खतावणीवर गेला आणि तिथंच निवृत्त झाला. यात हसण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी ते सांगत नव्हतो. दुसरं काही कारण नाही, असं मी समजत होतो.

१९९७ साली ऑफिसनं मशीन भंगारात काढलं. मी भंगारवाल्याच्या बोलीवर पन्नास रुपये चढवून ते घरी आणलं. आमची ही म्हणाली, "आता याचं काय करायचं?" मी म्हटलं, "आठवण." ती म्हणाली, "आठवणी माळ्यावर." तेव्हापासून ते माळ्यावर होतं. गेल्या पावसाळ्यात घाटकोपरचा भाचा आला. हा इंजिनिअर आहे, आणि लोक जुनी नाणी जमवतात तसे हा जुने कॉम्प्युटर जमवतो. त्यानं माळ्यावर नजर टाकली आणि मामाबद्दल आयुष्यात प्रथमच त्याच्या डोळ्यांत आदर दिसला.

मी लगेच प्लग लावायला निघालो. त्यानं हात धरला. "मामा, इतक्या वर्षांनी एकदम वीज द्यायची नसते." आधी पॉवर सप्लाय वेगळा काढून तपासला, मग धूळ झाडली. त्यात एक वाळलेली पाल निघाली, तिला सन्मानानं निरोप दिला. मग बटण दाबलं. 'फट्' असा आवाज होऊन एक मण्याएवढा कपॅसिटर फुटला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "दिवाळीला अवकाश आहे!" भाच्यानं तो बदलला. दुसऱ्या खेपेला पंखा फिरला, पडदा हिरवा झाला आणि मशीन आपली मेमरी मोजू लागलं : ६४, १२८, १९२, २५६... लहान मूल उजळणी म्हणतं तसं. पाचशेच्या पुढं गेलं आणि अडखळलं. पडद्यावर काही अंक, आणि शेवटी २०१.

"मेमरी गेली," भाचा आनंदानं म्हणाला. या पंथातल्या लोकांना बिघाड सापडला की हर्ष होतो.

झाकण काढून त्यानं मला आत बघायला लावलं. हिरव्या बोर्डावर काळ्या चिप्सच्या चार रांगा, शाळेच्या कवायतीसारख्या. दोन रांगा २५६ किलोबाइटच्या, दोन ६४ च्या, मिळून ६४०. प्रत्येक रांगेत नऊ चिप्स, एकूण ३६. २०१ च्या आधी जे अंक येतात त्यांवरून कुठल्या रांगेतली कितवी चिप नापास झाली ते काढायचं. मग तपास. पहिला उपाय अंगठ्याचा. मशीन दिवसा तापतं, रात्री निवतं. या प्रसरण-आकुंचनात चिप्स सॉकेटातून केसाकेसानं वर सरकतात. अंगठ्यानं दाबलं की 'कट्' असा आवाज होऊन जागेवर बसतात. आमच्या छत्तिसांपैकी सात-आठ जणी 'कट्' म्हणाल्या. दुसरा उपाय बोटाचा : मशीन चालू असताना एकेकीला हात लावून बघायचा, एखादी फारच तापली असेल तर तिच्यावर वहीम. तिसरा, संशयित चिपच्या पाठीवर दुसरी चांगली चिप पायाला पाय लावून चढवायची आणि काही फरक पडतो का ते बघायचं. आणि चौथा, सर्वांत न्यायाचा : संशयित चिप उचलून दुसऱ्या जागी ठेवायची. बिघाड तिच्याबरोबर गेला तर दोष चिपचा. जागेवरच राहिला तर दोष जागेचा. हा चौथा उपाय सरकारी खात्यांत बदलीच्या नावाखाली वापरतात, फक्त तिथं नंतर कोणी तपासत नाही.

मी मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडलो होतो. आठ बिट्सचा एक बाइट, हे मला १९८८ च्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मग रांगेत नऊ चिप्स कशाला?

"नववी काही लक्षात ठेवत नाही," भाचा म्हणाला. "ती फक्त बाकीच्या आठांवर लक्ष ठेवते." आठ जणींकडे मिळून एक किती आणि शून्य किती ते मोजायचं, आणि नववीनं स्वतःकडे असं काही धरायचं की एकांची बेरीज नेहमी विषम यावी. वाचताना पुन्हा मोजायचं. बेरीज सम आली, की कुणीतरी बदललंय. कोण, ते नववीला सांगता येत नाही. पण ती मशीन जागच्या जागी थांबवते आणि पडद्यावर लिहिते : पॅरिटी चेक.

"अरे, म्हणजे हा ताळा झाला!" मी ओरडलो. माझ्या पिढीला प्राथमिक शाळेत नवाचा ताळा शिकवत. सत्तेचाळीस गुणिले तेवीस, उत्तर १०८१. बरोबर आहे का? सत्तेचाळिसाचे अंक मिळवा, अकरा, म्हणजे दोन. तेविसाचे पाच. दोन पंचे दहा, म्हणजे एक. आता १०८१ : एक, आठ, एक, दहा, म्हणजे एक. ताळा जुळला. नाही जुळला तर गुरुजी पाटी परत द्यायचे. चूक कुठं आहे ते सांगायचे नाहीत. ताळ्यालाही ते ठाऊक नसायचं. तो एवढंच म्हणायचा, इथं थांब. त्याचं एक व्यंगही होतं. १०८१ च्या जागी १८०१ लिहिलं, तरी ताळा जुळतो. दोन आकड्यांनी संगनमत करून जागा बदलल्या, की ताळा बिचारा फसतो. नववी चिपही अशीच. एक बिघडली तर पकडते; दोघी एकदम बिघडल्या तर बेरीज जुळते आणि ती निर्धास्त राहते. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढं लागेल.

चिपा बदलता बदलता भाच्याचं प्रवचन चालू होतं. या चिप्समधली आठवण म्हणजे इवलासा विद्युत्भार, आणि तो सतत गळत असतो. म्हणून मशीन दर सेकंदाला अडीचशे वेळा सगळ्या आठवणी वाचून पुन्हा नव्यानं लिहितं. आठवण 'ठेवलेली' नसते. ती क्षणोक्षणी नव्यानं लिहिलेली असते. त्याच्या आधी चिप्स नव्हत्या तेव्हाही तोच प्रकार. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर सुरू झाला, तो त्या संस्थेतच बांधलेला. त्याची मेमरी म्हणजे तारांत ओवलेले फेराइटचे मणी. ४० मण्यांचा एक शब्द, असे २०४८ शब्द, म्हणजे जवळपास ८२ हजार मणी. त्यात तर आठवण वाचली की पुसलीच जायची. वाचून झाल्यावर ती परत लिहावी लागे.

"मणी कुठल्या रंगाचे?" ही नं दारातून विचारलं.

"फेराइट काळंच असतं, मामी."

"मग काळ्या मण्यांना सगळं लक्षात राहतं, हे मला ऐकवू नका," असं म्हणून ही आत गेली.

मी मात्र विचारात पडलो. आठवण म्हणजे जर पुन्हा लिहिणं, तर एखाद्या खेपेला चुकीचं लिहिलं गेलं तर? "तर मशीन चुकीचंच ताजं करत राहणार," भाचा म्हणाला. "त्याच निष्ठेनं. त्याला काय ठाऊक?" केंब्रिजच्या बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात माणसांबद्दल हेच दाखवलं आहे. त्यानं काही इंग्रज मंडळींना एक अमेरिकन आदिवासी कथा वाचायला देऊन ती पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. दर खेपेला कथा थोडी थोडी इंग्रज होत गेली. अनोळखी ते गळालं, सोयीचं ते आलं. कोणी खोटं बोलत नव्हतं.

शेवटी एक चिप खरोखर मेलेली निघाली. लॅमिंग्टन रोडवरून तशी आणून बसवली आणि मशीन ६४० पर्यंत सुरळीत मोजत गेलं. मी अभिमानानं म्हटलं, "चहानंच गेली असेल ती. अण्णाचा चहा." आणि गोष्ट सांगितली.

भाचा हसला नाही. "मामा, चहा मेमरीपर्यंत जायला झाकण उघडं हवं. आणि आत चहाचा डाग एवढासुद्धा नाही. साखरेचा चहा पडला असता तर आजही चिकट लागलं असतं." मी म्हटलं, पुसला असेल. तो काही बोलला नाही. मशीनबरोबरच्या पुस्तकांचं गाठोडं त्यानं सोडलं. त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत सर्व्हिस इंजिनिअरची चिठ्ठी होती, कार्बन कॉपी, १९८९ च्या त्याच आठवड्यातली. इंग्रजीत होती, मराठीत सांगायचं तर : 'मेमरी चिप सॉकेटातून वर आलेली. दाबून बसवली. मशीन तपासलं, ठीक.' चहाचा उल्लेख नाही. खाली ग्राहकाची सही. सही माझी. खालच्या दोन ठिपक्यांसकट.

म्हणजे एका 'कट्'चा मामला होता. आणि तो मला त्याच दिवशी सांगितलेला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. मी स्वतःची बाजू मांडून पाहिली. मी खोटं बोललो का? नाही. तो कप मला आजही कलंडताना दिसतो. त्यावरची निळी रेघसुद्धा दिसते. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं, माझ्याकडे मूळ प्रतच उरली नव्हती. मग माझा अपराध कोणता? चुकीचं आठवणं हा अपराध म्हटला, तर तुरुंगात जागा पुरणार नाही आणि बाहेर तुरुंगाधिकारी उरणार नाही. पण कूस बदलल्यावर वहिनींचं वाक्य आठवलं. 'त्या वर्षी हे चहा कुठं घेत होते?' तीस वर्षं दर खेपेला ताळा चुकतोय असं कुणीतरी सांगत होतं, आणि मी मशीन थांबवलं नव्हतं. उलट तिच्यावर विनोद केला होता. आणि का? तर ७५ रुपये ज्या गोष्टीवर उभे होते, ती गोष्ट तपासून बघायची मला गरज वाटली नव्हती. माझ्या मते अपराध हा. आठवण चुकेल, ती कुणाचीही चुकते. पण ताळा जुळत नाही असं कानावर आल्यावर पुढं वाचत राहणं, हे मात्र आपलं काम असतं आणि त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

भाचा सांगत होता, १९९० नंतर कंपन्यांनी पैसे वाचवायला नववी चिप काढूनच टाकली. काहींनी तर त्याहून कमाल केली : नववीच्या जागी अशी एक चिप बसवली की जी काही मोजतच नाही, समोर जे येईल त्याला 'बरोबर' म्हणते. यंत्रांत हा शोध उशिरा लागला. माणसांत तो राजेरजवाड्यांच्या काळापासून आहे, आणि पंगतीत माझ्या गोष्टीला हसणारे सगळे त्याच जातीचे होते.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी खिशात घालून मी एकटाच बोरिवलीला निघालो. मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये तसं फक्त नॅशनल पार्क आहे. बिबट्याला सरळ रस्ता आहे. माणसाला मात्र घाटकोपरला उतरून, मेट्रोनं अंधेरी गाठून, पुन्हा लोकल धरावी लागते. मरोळ नाक्यावरून मेट्रो गेली तेव्हा मी खाली बघितलं नाही.

अण्णाला चिठ्ठी वाचून दाखवली. तो म्हणाला, "छट्! कप माझ्याच हातात होता. बोटाला चटका बसलेला मला अजून आठवतोय."

बघा. तीस वर्षं माझ्या तोंडून ऐकून ऐकून त्याच्याही आठवणीत चहा सांडला होता. दोघेही चुकलेले, त्यामुळे बेरीज बरोबर. आमच्या दोघांच्या एकमताला ताळ्याच्या दृष्टीनं काडीची किंमत नव्हती.

स्वयंपाकघरातून वहिनी आल्या. हातात ताकाचे पेले. चिठ्ठी त्यांनी वाचली, घडी घालून परत दिली आणि काही बोलल्या नाहीत. त्यांना नवीन असं त्यात काही नव्हतंच.

अण्णा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, मग मला इतकी वर्षं लाज वाटत होती, ती कशाची?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी हिशोबनीस, मी हिशोबात शिरलो. १९८९ ते १९९७, शहाण्णव महिने, दरमहा ७५, एकूण ७,२०० रुपये. ते मी देणं लागतो, असं म्हटलं. अण्णा म्हणाला, "आणि व्याज?" आणि हसला. तो हसला म्हणून मी वाचलो. पण हिशोब मिटला असं मी म्हणणार नाही. मग मी वहिनींकडे वळलो आणि म्हटलं, "वहिनी, चुकलो. तुम्ही दर वेळी सांगत होतात." त्या म्हणाल्या, "भावजी, पैसे राहू द्यात. पुढच्या खेपेला गोष्ट सांगाल तेव्हा आधी माझं ऐकून घ्या."

इथवर लिहून झाल्यावर कागद हिला वाचायला दिले. हिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाली, "सगळं ठीक आहे. पण 'एकटाच निघालो' काय? मी होते की बरोबर. अंधेरीला जिना चढताना पिशवी कुणी धरली होती?"

मला तर स्पष्ट आठवतंय, मी एकटाच होतो. खिडकीशी बसलो होतो, शेजारी कोणी नव्हतं. पण ही म्हणते, नाही.

ताळा चुकतोय. लेख इथेच थांबवतो.